जंगलातला कार्बन मोजायचा कसा : टेपपासून उपग्रहापर्यंत

उपग्रहाला कार्बन दिसत नाही. त्याला दिसतं ते पानांवरून परतलेलं ऊन, खोडा-फांद्यांना धडकून माघारी आलेली रडारची लहर, नाहीतर शेंड्यावरून आणि जमिनीवरून परतलेल्या लेसरच्या झोतांमधलं अंतर. त्यावरून लाकूड किती असेल याचा अंदाज बांधायचा आणि लाकडावरून कार्बनचा. हा अंदाज खरा-खोटा करायला जंगलात टेप घेऊन गेलेला माणूस लागतोच. खोडांच्या गोलाईच्या वहीशिवाय केलेला कार्बनचा नकाशा दिसायला सुंदर असतो, एवढंच.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांबरोबर काम करणारे कार्यकर्ते आणि भूगोल-पर्यावरणाचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. उदाहरण गडचिरोलीच्या पानझडी जंगलाचं घेऊ. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेवढ्याच आकाराचं जंगल धरून हिशेब करू. खालचे साठ्याचे आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत, ते मेंढ्याचे नव्हेत.

नेमकं काय मोजायचं?

जंगलातला कार्बन पाच ठिकाणी असतो : जमिनीवरची झाडं, जमिनीखालची मुळं, मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार देशातल्या जंगलांच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त मातीत आहे, आणि माती उपग्रहाच्या टप्प्यात येत नाही. तिच्यासाठी ३० सेंटिमीटरपर्यंतचे नमुने काढून प्रयोगशाळेत द्यावे लागतात. उपग्रहाच्या मदतीने मोजता येतो तो पहिला कप्पा. दुसरा त्याच्यावरून गुणोत्तराने काढतात. म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा : ‘हा आकडा जिवंत झाडांचा, मुळांसकट. माती व पाचोळा धरलेला नाही.’ हे वाक्य नसल्यामुळे दोन गावांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून झालेले वाद मी ऐकलेत. एकाने माती धरलेली, दुसऱ्याने नाही.

हद्द

हक्काच्या कागदावरचे वनकक्षांचे क्रमांक घ्या, त्यांचा नकाशा क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये बसवा आणि मग गावातल्या जाणत्यांबरोबर हद्द चालून जीपीएसवर नोंदवा. जुन्या कागदी नकाशावरून उतरवलेली रेघ जागेवर पन्नास-शंभर मीटर सरकलेली निघाली तर नवल नाही. क्षेत्रफळ काढण्याआधी नकाशा यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीत आणा. गडचिरोली पट्टा ४४ मध्ये येते, पुणे आणि सगळं कोकण ४३ मध्ये. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत ठेवलेल्या नकाशावर थेट क्षेत्रफळ काढलं की पुढचा सगळा हिशेब वाकडा.

चित्र कोणत्या महिन्याचं?

सुरुवातीला सेंटिनेल-२ पुरतो. युरोपच्या या उपग्रहमालेतला पहिला २०१५ साली गेला. चित्रं फुकट मिळतात, मुख्य प्रकाशपट्ट्यांचा पिक्सेल १० मीटरचा असतो आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. मागच्या काळात डोकवायचं असेल तर लँडसॅट. त्याची ३० मीटरची चित्रं १९८२ पासूनची आहेत.

पानझडी जंगलात उपग्रहाच्या निवडीपेक्षा महिन्याची निवड भारी पडते. मी पहिल्यांदा नकाशा केला तेव्हा ढग नकोत म्हणून एप्रिलची चित्रं उचलली. आकाश लख्ख होतं, पण साग पूर्ण उघडा, खाली वाळका पाला आणि मधूनमधून वणव्याचे काळे पट्टे. नकाशात भर जंगलाचं माळरान झालं आणि नाल्याकाठची चार हिरवी झाडं तेवढी श्रीमंत ठरली. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हात बांधलेले. उरतो पाऊस ओसरल्यापासून पानगळ सुरू होईपर्यंतचा काळ, म्हणजे ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबर. त्यातही साग जास्त असेल तर एक गोष्ट तपासायची. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानांवर जाळी करणारी अळी पडते आणि अख्ख्या टेकड्या तपकिरी दिसतात. उपग्रहाला ते वाळलेलं जंगल वाटतं, लाकूड मात्र जागच्या जागी असतं. ‘यंदा अळी होती का?’ हे गावात एका वाक्यात कळतं, म्हणून आधी विचारून घ्या. असेल तर मागच्या वर्षीचं चित्र घ्या किंवा दोन-तीन वर्षांच्या त्याच महिन्यांचं मध्यक चित्र (प्रत्येक पिक्सेलचा मधला आकडा घेतलेलं) तयार करा.

हे काम गुगल अर्थ इंजिनवर होतं. अव्यावसायिक कामासाठी ते फुकट आहे आणि चित्रं उतरवून घ्यायची गरज पडत नाही. क्रम असा : हद्द चढवा, तारखा लावा, ढग आणि ढगांच्या सावल्या झाकून टाका, उरलेल्या चित्रांचं मध्यक काढा. एक खाचखळगा आवर्जून सांगतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १,००० ची भर घातली जाते. त्याआधीची आणि नंतरची चित्रं तशीच एकत्र केली की जंगल एका रात्रीत बदलल्यासारखं दिसतं. अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की ही अडचण मिटते.

मध्यक चित्रावरून जंगलाचे थर, म्हणजे घनतेनुसार भाग पाडा. वन सर्वेक्षणाची विभागणी सोयीची आहे : पर्णछत्र ७० टक्के किंवा जास्त असेल तर अतिघनदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० खुलं, त्याखाली झुडपी. इथे ‘झुडपी’ हा घनतेचा वर्ग आहे. पूर्व विदर्भातल्या महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून लागलेली जमीन ही वेगळीच भानगड, दोन्हींची गल्लत करू नका. आपल्या उदाहरणात ६०० हेक्टर अतिघनदाट, ८०० मध्यम, ४०० खुलं धरू.

प्लॉट किती, कुठे, कसे

प्लॉट म्हणजे झाडं मोजायला आखलेला जंगलाचा नमुना-तुकडा. किती, याचं सूत्र सोपं आहे. प्लॉटा-प्लॉटांतल्या लाकडात सरासरीच्या किती टक्के चढउतार आहे ते घ्या, तुम्हाला चालणाऱ्या चुकीच्या टक्केवारीने भागा, दोनाने गुणा आणि वर्ग करा. चढउतार ५० टक्के आणि चालणारी चूक १५ टक्के असेल तर ४४ प्लॉट. चूक १० टक्क्यांवर आणायची तर १००. चढउतार आधी कळत नाही, म्हणून आठ-दहा प्लॉट चाचणीचे करून मग आकडा पक्का करायचा. थर नीट पाडलेले असतील तर थराच्या आतला चढउतार घटतो आणि कमी प्लॉटांत भागतं.

कुठे, हे संगणकाला ठरवू द्या. प्रत्येक थरात क्यूजीआयएसकडून यादृच्छिक बिंदू टाकून घ्या आणि जिथे बिंदू पडला तिथे जा. काटेरी जाळीत पडला तरी जा. वाटेजवळचं मोकळं, चालायला बरं असं जंगल निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तेवढ्यानेच आकडा बिघडतो.

वन सर्वेक्षणाचा जुना ०.१ हेक्टरचा चौरस प्लॉट मला आजही सोयीचा वाटतो. बाजू ३१.६२ मीटर. आखायची युक्ती अशी की मध्यबिंदूवर खुंटी ठोकून ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य या चार दिशांना होकायंत्राने २२.३६ मीटर मोजायचे, की चार कोपरे मिळाले. हे अंतर आडवं हवं, उताराच्या अंगाने नव्हे. २० अंशांच्या चढावर दोर सरळ जमिनीवर टाकला तर प्लॉट सुमारे ६ टक्के आखूड भरतो. सेंटिनेलचे साधारण दहा पिक्सेल या चौरसात मावतात. साध्या जीपीएसची झाडीतली पाच-दहा मीटरची चूकही त्यामुळे सोसते. मध्यबिंदूवर यंत्र दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवून सरासरी घ्या. तेवढ्यात एखादी बाजू मोजून होते.

प्लॉटात १० सेंटिमीटरहून जाड, म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटरपेक्षा जास्त गोलाईचं प्रत्येक झाड नोंदवायचं. छातीची उंची आपल्याकडे १.३७ मीटर धरतात, परदेशी सूत्रांत बहुधा १.३ असते. फरक किरकोळ आहे, पण एकच धरा आणि लिहून ठेवा. प्रत्येकाच्या छातीची उंची वेगळी असल्याने १.३७ वर खूण केलेली काठी बरोबर हवी. चढावर असाल तर चढाच्या बाजूला उभं राहून मोजा. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं. वेल असेल तर टेप वेलाच्या आतून न्या. गोलाईला ३.१४ ने भागलं की व्यास. उंची क्लिनोमीटरने (कोन मोजायच्या यंत्राने), झाडाच्या उंचीएवढं तरी लांब उभं राहून मोजा. बुंध्याजवळ उभं राहून शेंडा पाहणाऱ्याच्या वहीत झाडं हमखास उंच होतात.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. पानगळ लागली की शेंडे दिसतात, आणि खोडं पावसाळ्यात वाढून थांबलेली असल्याने नोव्हेंबरच्या चित्राशी मोजणी जुळते. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली की गावातलं कुणी तुमच्याबरोबर येणार नाही, आणि मेमध्ये तेंदूपत्ता. त्यांनी का यावं? घरची वर्षाची कमाई सोडून?

झाडांची नावं स्थानिक बोलीत लिहा, गोंडी असेल तर गोंडी, शास्त्रीय नाव रात्री जोडता येतं. नाव महत्त्वाचं, कारण लाकडाची घनता जातीवर ठरते. धावड्याची घन सेंटिमीटरला ०.७५ ग्रॅमच्या वर जाते, पांगाऱ्याची ०.३ च्या आसपास. सारख्याच जाडीच्या दोन खोडांत दुपटीहून जास्त फरक.

बांबूचं खातं वेगळं उघडा. झाडांची सूत्रं त्याला लागू पडत नाहीत. बेटं मोजा, काही बेटांतल्या काठ्या मोजा, दहा-पंधरा काठ्या तोडून हिरवं वजन घ्या, नमुना भट्टीत वाळवून कोरडं वजन काढा. गडचिरोलीत बांबू सोडून केलेला हिशेब लोक मान्य करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

झाडावरून टनावर

झाड न तोडता वजन काढायला उष्णकटिबंधासाठी शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र बरंच वापरलं जातं. घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा ०.९७६ वा घात काढायचा आणि ०.०६७३ ने गुणायचं. व्यास सेंटिमीटरात, उंची मीटरात, उत्तर कोरड्या वजनाच्या किलोंत.

९४ सेंटिमीटर गोलाईचा साग घ्या. व्यास ३० सेंटिमीटर, उंची १५ मीटर, घनता ०.५७. गुणाकार ७,६९५, घात काढून सुमारे ६,२०८, उत्तर ४१८ किलो. कार्बन त्याच्या ४७ टक्के, म्हणजे १९६ किलो. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सांगायचं तर ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणा : ७२० किलो. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांतली ही जवळजवळ चौपट तफावत कुठल्याही सादरीकरणात पहिल्यांदा तपासा. मोठा आकडा दाखवायचा असला की लोक गुपचूप दुसऱ्यावर उडी मारतात.

वन सर्वेक्षणाने जातीनिहाय घनफळाची सूत्रंही दिली आहेत. साग-ऐनासारख्या जातींना ती जवळची वाटतात, मात्र त्यांतून लाकडाचं घनफळ मिळतं, अख्ख्या झाडाचं वजन नव्हे. घनता आणि फांद्या-पानांचा गुणक पुढे लावावा लागतो. कोणतंही एक सूत्र घ्या, पण अर्धी झाडं याने अर्धी त्याने असं करू नका. प्लॉटातल्या सगळ्या झाडांची बेरीज दहाने गुणली की हेक्टरी जैवभार, म्हणजे झाडांचं कोरडं वजन.

रडार आणि लेसर

सेंटिनेल-२ ची मर्यादा अशी की पर्णछत्र मिटलं की त्याला पुढचं दिसत नाही. तीस वर्षांचा साग आणि शंभर वर्षांचा साग वरून सारखाच हिरवा. हिरवेपणाचा निर्देशांक, ज्याला एनडीव्हीआय म्हणतात, तिथे थबकतो. त्याच उपग्रहाचे रेड-एज आणि लघुलहरी अवरक्त पट्टे थोडे पुढे नेतात, फार नाही.

रडारची लहर जितकी लांब तितकी ती आत शिरते. सेंटिनेल-१ ची सुमारे साडेपाच सेंटिमीटरची लहर पानं-डहाळ्यांवरूनच परतते. जपानच्या अलोस मालेची साधारण २४ सेंटिमीटरची एल-बँड लहर जाड फांद्या आणि खोडांपर्यंत पोचते, पण हेक्टरी शंभर-दीडशे टनांनंतर तीही मंदावते. गडचिरोलीच्या जंगलासाठी बऱ्यापैकी पुरेशी, सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात तोकडी. अलोसचे २५ मीटरचे वार्षिक नकाशे फुकट मिळतात. त्यांतल्या आकड्याचा वर्ग करा, त्याचा दहाच्या पायाचा लॉगरिदम घेऊन दहाने गुणा आणि ८३ वजा करा, की डेसिबल मिळतात. ओली जमीन आणि भिजलेली पानं परतावा वाढवतात, म्हणून रडारचं चित्र कोरड्या दिवसांतलं बरं. तीव्र उतारांवर रडारसमोरची बाजू उजळते आणि पाठची काळवंडते, तेव्हा उताराची दुरुस्ती केलेलाच संच घ्या.

२०२५ साली दोन मोठे उपग्रह वर गेले. २९ एप्रिलला युरोपचा ‘बायोमास’, सुमारे ७० सेंटिमीटर लहरीचा, घनदाट जंगलांसाठीच बनवलेला. ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’. त्याचं एल-बँड रडार नासाचं आणि एस-बँड इस्रोचं, दर बारा दिवसांनी तीच जागा पाहणारं.

उंचीसाठी नासाचं गेडी हे लेसर यंत्र आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ते डिसेंबर २०१८ मध्ये गेलं. ते अखंड चित्र देत नाही. जमिनीवर २५ मीटर व्यासाचे ठिपके पडतात, एका रेषेत ६० मीटरवर एक, दोन रेषांत ६०० मीटरचं अंतर. ठिपक्याची जागाही दहा-एक मीटर इकडेतिकडे असते. त्यामुळे तुमच्या प्लॉटावर नेमका ठिपका मिळेल ही आशा सोडा. थर बरोबर पडलेत का, हे पाहायला मात्र उत्तम. ‘अतिघनदाट’ म्हटलेल्या भागात गेडी आठ मीटर उंची दाखवत असेल तर ते बहुधा घाणेरी-बांबूचं रान आहे. पानं असतानाच्या महिन्यांतले आणि गुणवत्तेच्या खुणेत पास झालेलेच ठिपके घ्या. कड्यांवरचे टाका, तिथे जमीन आणि शेंडा एकमेकांत मिसळतात.

मॉडेल

आता प्रत्येक प्लॉटासमोर दोन गोष्टी आहेत : टेपने काढलेला हेक्टरी जैवभार, आणि त्याच चौरसातल्या पिक्सेलांची सरासरी मूल्यं, म्हणजे सेंटिनेलचे पट्टे, निर्देशांक, रडारचे डेसिबल, उंची-उतार. या दोन्हींचं नातं शोधायचं. रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी संगणकी पद्धत) सगळे वापरतात आणि अर्थ इंजिनमध्ये तो तयारच आहे. पन्नास प्लॉट असतील तर साधं रेषीय समीकरणही लावून पाहा. बरेचदा ते तेवढंच चालतं आणि ग्रामसभेत समजावून सांगता येतं. चाळीस प्लॉटांसाठी साठ निर्देशांक कोंबू नका. पाच-सात पुरेत.

तपासणी करताना काही प्लॉट बाजूला ठेवून त्यांच्यावर अंदाज करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शेजारशेजारचे प्लॉट मुळातच सारखे असतात, म्हणून एका नाल्याकाठचे सगळे एकदम बाजूला ठेवून बघा. चूक वाढलेली दिसेल. ती वाढलेली चूकच खरी.

रँडम फॉरेस्टची एक खोड जाणून घ्या. तो सगळ्यांना सरासरीकडे ओढतो. भरगच्च जंगल कमी दाखवतो, उजाड भाग जास्त. म्हणून नकाशातले पिक्सेल बेरजून आलेला आकडा तसाच पुढे देऊ नका. प्रत्येक थरात, बाजूला ठेवलेल्या प्लॉटांवर ‘टेपचा आकडा वजा नकाशाचा आकडा’ काढा, त्याची सरासरी घ्या आणि नकाशाच्या सरासरीत मिळवा. प्लॉट यादृच्छिक टाकले होते त्याचं फळ इथे मिळतं. मनाजोगते निवडले असते तर ही दुरुस्ती करता आली नसती.

एकूण, आणि चुकीसकट

दुरुस्तीनंतर समजा अतिघनदाट थरात हेक्टरी १४० टन जैवभार, मध्यममध्ये ९०, खुल्यात ४० आले. क्षेत्रफळांनी गुणून ८४,०००, ७२,००० आणि १६,०००, मिळून १,७२,००० टन. मुळांसाठी हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय पॅनेलच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेत शुष्क उष्णकटिबंधीय जंगलाला, हेक्टरी २० टनांहून जास्त जैवभार असेल तर, ०.२८ हे गुणोत्तर दिलं आहे. ते धरून २,२०,१६० टन. त्याच्या ४७ टक्के कार्बन : १,०३,४७५ टन.

हा आकडा असा लिहू नका. शेवटचे चार अंक निव्वळ गुणाकाराने आलेत. प्लॉटांच्या चढउतारातून आलेली चूक १५ टक्के असेल तर लिहा : ‘सुमारे १ लाख टन, ८८ हजार ते १ लाख १९ हजारांच्या दरम्यान.’ सूत्राची, घनतेची आणि मुळांच्या गुणोत्तराची चूक यात अजून आलेली नाही, हेही खाली एका ओळीत लिहा. ताळा म्हणून युरोपीय अवकाश संस्थेचा १०० मीटरचा जागतिक जैवभार नकाशा शेजारी ठेवता येतो. तुमच्याशी जुळला नाही तर लगेच स्वतःला चूक ठरवू नका. तुमच्याकडे टेप आहे.

आणि कुणी गावात येऊन या लाख टनांना भाव सांगू लागला तर एवढं लक्षात असू द्या : साठा म्हणजे विकता येणारं कार्बन क्रेडिट नव्हे. क्रेडिटचा हिशेब होतो तो प्रकल्प नसता तर जे झालं असतं त्याच्या तुलनेत वाढलेल्या किंवा वाचलेल्या कार्बनवर.

पुढची मोजणी

तोड, वणवा, अतिक्रमण हे उपग्रहाला लगेच दिसतं. दरवर्षी त्याच महिन्याची चित्रं लावून पाहिली तरी गावाला ठिकाण कळतं. वाढीचं तसं नाही. हेक्टरी वर्षाला एक-दोन टनांची भर १५ टक्के चुकीच्या नकाशात हरवून जाते, म्हणून दोन वर्षांचे नकाशे वजा करून ‘जंगल वाढलं’ म्हणणं धाडसाचं. पाच वर्षांनी त्याच प्लॉटांत, त्याच झाडांना पुन्हा टेप लावायची. त्यासाठी आजच मध्यबिंदूवर लोखंडी खुंटी जमिनीसपाट ठोका, कारण वर दिसणारी खुंटी कुणीतरी उपटतंच. १.३७ वर रंगाचा बारीक पट्टा मारा आणि वहीच्या दोन प्रती करा. त्यातली एक ग्रामसभेच्या कपाटात राहील. मोजणारा बदलला तरी वही तिथेच सापडली पाहिजे.